बरणीवरच्या दोन वेळा

सकाळी साडेसात

कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत पहिलं काम टिश्यू प्रोसेसर उघडण्याचं. काल संध्याकाळी आत ठेवलेल्या कॅसेट रात्रभर चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून आणि शेवटी वितळलेल्या मेणातून फिरून तयार असतात. पेशींतलं पाणी निघून त्या जागी मेण शिरलेलं असतं. तंत्रज्ञ एकेक तुकडा चिमट्याने उचलून साच्यात नीट बसवतात, वर मेण ओततात आणि गार पट्टीवर ठेवतात. झाला ब्लॉक. तो वर्षानुवर्षं टिकतो, उद्या नवी चाचणी निघाली तर त्यावर करता येते, म्हणून मी नातेवाइकांना नेहमी सांगते की फाईल हरवली तर चालेल, ब्लॉक हरवू नका.

ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमला लावला की तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे सुटत जातात. कोमट पाण्यावर सोडले की त्यांच्या सुरकुत्या जातात, मग खालून काच घालून अलगद उचलायचे. आयएचसी, म्हणजे अँटिबॉडी लावून पेशीतलं प्रथिन रंगवणारी चाचणी, हिच्यासाठी साधी काच चालत नाही. पुढे उकळत्या द्रावणात जायचं असतं, तिथे तुकडा काच सोडतो. म्हणून लेप दिलेली काच घ्यावी लागते.

आजच्या आयएचसीच्या यादीत स्तनाच्या कर्करोगाचे तीन ब्लॉक आहेत. तिन्ही गाठी लवकर सापडलेल्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या आतल्या. तिन्हींना प्रश्न एकच: पेशींत इस्ट्रोजेनचा आणि प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर आहे का? बोलताना आम्ही ईआर-पीआर म्हणतो. इस्ट्रोजेन रक्तातून पेशीत येतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला जोडलं जातं आणि पेशीला वाढायचा हुकूम सुटतो. गाठीतल्या पेशींनी हा रिसेप्टर राखला असेल तर त्यांची वाढ इस्ट्रोजेनवर पोसलेली असते आणि त्याला अडवणारी गोळी कामी येते. रिसेप्टर नसेल तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर बरोबर येणार की चुकणार, हे बरंचसं ऑपरेशन थिएटरमध्ये, गाठ बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासातच ठरून गेलेलं असतं.

साडेनऊ

एसटीने पार्सल आलं. आजरा-चंदगडकडचे, गारगोटीचे, कधी घाटाखालून सावंतवाडीचेही नमुने असेच येतात. आमचे मामा मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन घेऊन येतात आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुने कापून तपासायच्या, ओट्यावर मांडतात.

आज दोन बरण्या स्तनाच्या आहेत. पहिली आमच्याच थिएटरमधली, कालच्या ऑपरेशनची. रुंद तोंडाची, भरपूर फॉर्मलिन, आणि लेबलवर नाव-वयाच्या खाली दोन वेळा लिहिलेल्या: नमुना शरीराबाहेर आला ११.४०, फॉर्मलिनमध्ये ठेवला ११.५५. या दोन वेळांसाठी मी सर्जनच्या मागे लागले, सिस्टरांच्या मागे लागले, थिएटरच्या भिंतीवर कागद चिकटवला. आता सिस्टर त्या न सांगता लिहितात.

दुसरी बरणी तालुक्याच्या एका दवाखान्यातली. फरसाणाची असावी. तोंड अरुंद, त्यातून अख्खा स्तन कोंबून आत घातलेला, आणि फॉर्मलिन तळाशी दोन बोटं. लेबलवर नाव, वय, बाजू. वेळ कुठेच नाही.

तो बाहेर काढला, मोजला, कडांना शाई लावली. मग लांब सुरीने मागच्या बाजूने काप घेत गेले. बाहेरचा बोटभर थर करडा, टणक. आत शिरावं तसा रंग बदलत गेला आणि गाठीपाशी पोहोचले तेव्हा मांस अजून गुलाबी होतं, मऊ. म्हणजे फॉर्मलिन तिथवर गेलंच नव्हतं. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं आणि स्तनात चरबी असल्याने तेवढंही नीट शिरत नाही. रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून पेशीतली विकरं पेशीलाच खायला लागतात आणि ईआर-पीआर ही प्रथिनं त्यांच्या तडाख्यात सापडतात. अमेरिकेतल्या एएससीओ आणि सीएपी या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं आता सगळीकडे प्रमाण मानली जातात. त्यांत साफ लिहिलंय: गाठ बाहेर आल्यावर एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये, तेही कापून उघडी करून, फॉर्मलिन दहा टक्क्यांचं, बफर घातलेलं, आणि त्यात ती कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन आणि सोमवार-मंगळवार सणाची सुट्टी असली की ही वरची हद्दही ओलांडली जाते.

मी दवाखान्यात फोन लावला.

“सिस्टर, काल पाठवलेला स्तनाचा नमुना किती वाजता निघाला होता?”

“ऑपरेशन दुपारचंच हो मॅडम. नक्की वेळ बघावी लागंल.”

“बघा आणि मला सांगा. आणि या बाईंची आधी सुईची बायोप्सी झालीय का?”

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. झाली होती, पंधरवड्यापूर्वी. ऐकून मला हायसं वाटलं. ट्रू-कटच्या सुईने निघालेला तुकडा काडीएवढा बारीक असतो, बाटलीत टाकल्यावर फॉर्मलिन लवकर त्याच्या आरपार जातं. ईआर-पीआर त्याच्यावरच करावं हे उत्तम.

“तो ब्लॉक उद्याच्या गाडीने पाठवा. ईआर-पीआर मी त्याच्यावर करते. आणि डॉक्टरांना माझा निरोप द्या: पुढच्या वेळी नमुन्याला मागून चार काप द्यायचे आणि नमुन्याच्या दसपट फॉर्मलिन घ्यायचं. बरणी लागत असेल तर मी देते.”

त्या स्तनाचे काप नव्या फॉर्मलिनमध्ये सोडले. ग्रॉसिंगच्या नोंदीत “आतला भाग फिक्स न झालेला” असं स्पष्ट लिहिलं. हे वाक्य लिहिताना पाठवणाऱ्या डॉक्टरांना वाईट वाटेल की काय, हा विचार मी करत नाही. त्या बाईंच्या फाईलमध्ये ते असलंच पाहिजे.

अकरा

मोठ्या केंद्रांत आयएचसीचं मशीन असतं. आमच्याकडे हे अजून हातानेच चालतं आणि त्यासाठी चक्क स्टीलचा प्रेशर कुकर आहे. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी असं बांधून टाकतं की रिसेप्टर त्यांच्या आड दडून बसतो, अँटिबॉडीला सापडत नाही. बफरच्या द्रावणात दाबाखाली उकळलं की ती बांधणी सैल होते. उष्णतेची ही युक्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मेणातल्या जुन्या ब्लॉकवर ही चाचणी भरवशाने करणं शक्य झालं. त्याआधी ईआर मोजायचा तर ताजी गाठ बर्फात गोठवून, कुटून, किरणोत्सारी इस्ट्रोजेन लावून मोजावा लागायचा. तालुका-जिल्ह्याच्या बाईच्या नशिबी ते कुठून येणार?

तंत्रज्ञ शिट्टीवर वेळ मोजत नाहीत, टायमर लावतात. दोन मिनिटं कमी झाली तर रंग फिका, जास्त झाली तर तुकडा काच सोडतो. मग काचा गार होऊ द्यायच्या, पेरॉक्साइड, ईआरची अँटिबॉडी, धुणं, पॉलिमर, पुन्हा धुणं, आणि शेवटी डीएबी, ज्याने रिसेप्टर असलेलं केंद्रक तपकिरी होतं. उरलेली केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी. प्रत्येक खेपेला सोबत कंट्रोलच्या काचा जातात: ईआर असल्याचं आधीच माहीत असलेला गर्भाशयाचा तुकडा, आणि टॉन्सिलचा, ज्यात ईआर थोडाच आणि फिका असतो. गर्भाशय सगळ्यांचाच रंगतो. टॉन्सिलमधल्या त्या थोड्या पेशी रंगल्या तरच चाचणी खरोखर संवेदनशील आहे असं म्हणायचं.

दीड

डबा खाताना निवासी डॉक्टरांशी जुन्या गोष्टी निघतात. आज एकीने विचारलं की संप्रेरकाचा आणि या कर्करोगाचा संबंध पहिल्यांदा लागला कुणाला. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनला. त्यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजकोश काढून टाकले आणि गाठी ओसरल्याचं १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पण हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, काहींनाच पडतो, हेही लवकरच कळलं. त्या काही जणी कोण, हे आधी ओळखायचं कसं, याचं उत्तर मिळायला साठ-सत्तर वर्षं गेली. शिकागोत एल्वुड जेन्सेन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी खूण लावली आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं याचा माग काढत रिसेप्टर शोधला. तिकडे इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन बनवलं, गर्भनिरोधकाच्या शोधात. गर्भनिरोधक म्हणून ते फुकट गेलं. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कर्करोगावरचा त्याचा पहिला अहवाल आला. आज ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि रोजची गोळी काही रुपयांत मिळते. इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं औषध कर्करोगात दुसरं क्वचितच असेल. म्हणूनच ईआर चुकून निगेटिव्ह लिहिला गेला की माझा जीव वरखाली होतो. महागडं औषध परवडलं नाही म्हणून हुकणं आपण रोज बघतो. हे औषध तर परवडत असून हुकतं.

अडीच

काचा आल्या. आधी कंट्रोल बघितले. गर्भाशय गडद, टॉन्सिलमध्ये विखुरलेल्या फिक्या तपकिरी पेशी. ठीक.

पहिली काच सत्तेचाळीस वर्षांच्या बाईंची. इचलकरंजीकडच्या. बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून त्यांच्या सुईच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला होता: ईआर, पीआर आणि हर-टू (गाठीची वाढ चालवणारं आणखी एक प्रथिन), तिन्ही निगेटिव्ह. ऑपरेशन आमच्याकडे झालं, स्तन राखून. काल त्यांची साधी, गुलाबी-जांभळी काच बघताना मला तो रिपोर्ट पटेना. ही गाठ लोब्युलर जातीची, पेशी लहान, एकसारख्या, तंतूंमधून मुंग्यांसारख्या एकामागोमाग एक रांगेत निघालेल्या. अशा गाठी जवळजवळ नेहमीच ईआर पॉझिटिव्ह असतात. ट्यूब्युलर आणि म्युसिनस गाठींचंही तसंच. या जातीच्या गाठीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आधी रिपोर्टवर संशय घ्यायचा, हे आम्ही निवासी डॉक्टरांना पहिल्या वर्षीच शिकवतो. मी बायोप्सीच्या रंगवलेल्या काचा मागवून घेतल्या होत्या. गाठीच्या शेजारी निरोगी दुग्धनलिकेचा एक गोल तुकडा होता. निरोगी नलिकेत अधूनमधून काही केंद्रकं ईआरने तपकिरी व्हायलाच हवीत; प्रत्येक स्तनात निसर्गाने ठेवलेला तो कंट्रोल आहे. त्या काचेवर ती नलिकाही सरसकट निळी होती. म्हणजे गाठ निगेटिव्ह नव्हती, चाचणीच लागली नव्हती.

आता आमच्या काचेवर नजर टाकली आणि पहिल्याच क्षेत्रात उत्तर मिळालं. रांगाच्या रांगा गडद तपकिरी. शेजारच्या नलिकेत काही केंद्रकं तपकिरी, काही निळी, असायला हवं तसं. मी तरी सगळी काच फिरून बघितली, मोजलं. ऑलरेड पद्धतीत किती टक्के पेशी रंगल्या याचे जास्तीत जास्त पाच गुण आणि रंग किती गडद याचे तीन. पाच अधिक तीन, आठ. पीआर सात. पीआर हे प्रथिन पेशी बनवते तेच ईआरच्या हुकमावरून, त्यामुळे पीआर असणं म्हणजे ईआर नुसता आहे असं नव्हे, तर कामही करतोय याची साक्ष. हर-टू एक अधिक, म्हणजे निगेटिव्हच. मी लगेच मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना फोन केला. केमो याच आठवड्यात सुरू व्हायची होती.

दुसरी काच छत्तीस वर्षांच्या मुलीची. मुलगीच म्हणावं असं वय. गाठ पावणेदोन सेंटिमीटर, ग्रेड तीन. पेशी ओबडधोबड, केंद्रकं टपोरी, विभाजनं नजर टाकावी तिथे. ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू शून्य. शेजारच्या नलिका मात्र व्यवस्थित रंगलेल्या. मी वेगळ्या ब्लॉकची काच मागवून पुन्हा बघितलं, नलिका तिथेही रंगली होती. इथे निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच, आणि तेही तितक्याच खात्रीने लिहिता आलं पाहिजे.

तिसऱ्या काचेने वेळ घेतला. बहुतेक निळं आणि कुठे कुठे फिकं तपकिरी. अशा वेळी डोळ्यांच्या अंदाजावर जायचं नाही. फोटो काढून, ग्रीड टाकून पेशी मोजल्या. सुमारे चार टक्के भरल्या. २०१० पासून एक टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह म्हणतात. पण एएससीओ-सीएपीच्या त्याच तत्त्वांच्या २०२० च्या सुधारणेत एक ते दहा टक्क्यांना वेगळं नाव मिळालं, ‘ईआर लो पॉझिटिव्ह’, कारण या गाठी वागायला बऱ्याचदा निगेटिव्हसारख्या असतात आणि गोळीचा फायदा त्यांना किती होतो याचा पुरावा तोकडा आहे. तरी गोळीचा पर्याय खुला ठेवावा, असं तीच तत्त्वं सांगतात. मी टक्केवारी, रंगाची तीव्रता, कंट्रोल रंगल्याची नोंद, फॉर्मलिनचे तास, सगळं लिहिलं. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून मोकळं होणं या बाईंवर अन्याय झाला असता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. २००० साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ईआर पॉझिटिव्ह गाठी जेमतेम एक-तृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांच्या घरात. भारतीय स्त्रीचा कर्करोगच मुळात वेगळा, आक्रमक, असं त्यातून बोललं जायचं. त्यात तथ्य नाही असं नाही. आपल्याकडे हा आजार सरासरी दहाएक वर्षं लवकर गाठतो आणि कमी वयात निगेटिव्ह गाठी जास्त. पण पुढे फॉर्मलिनची शिस्त आली, उष्णतेची पद्धत सुधारली, चांगल्या अँटिबॉडी आल्या, तसतसं आपल्याकडचं प्रमाणही निम्म्याच्या वर गेलं. म्हणजे आधीच्या काही ‘निगेटिव्ह’ बायका निगेटिव्ह नव्हत्याच. त्यांना गोळी मिळायला हवी होती.

साडेचार

ट्यूमर बोर्ड. सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले, रेडिऑलॉजिस्ट आणि मी. एकेक केस पडद्यावर.

सत्तेचाळीसच्या बाईंची गाठ २.४ सेंटिमीटर, काखेतल्या तिन्ही सेंटिनल लसिकागाठी स्वच्छ. काच दाखवली, आधीची आणि आताची शेजारी शेजारी. ऑन्कॉलॉजिस्टनी नलिकेवर बोट ठेवून विचारलं, “ही दोन्हीकडे निरोगी नलिकाच ना? मग प्रश्नच मिटला.” केमो थांबवली. टप्पे ठरवायच्या एजेसीसी नियमांची आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू झाली, तेव्हापासून टप्पा ठरवताना गाठीचा आकार आणि काख यांच्या जोडीला ग्रेड, ईआर, पीआर, हर-टूही धरतात. त्यामुळे गाठीत काडीचा फरक न पडता सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचा टप्पा खाली आला.

केमो अजिबातच नको का, यावर मात्र चर्चा रंगली. २०१८ च्या टेलरेक्स अभ्यासात एकवीस जनुकांच्या चाचणीवर मधले गुण आलेल्या, काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांना केमोचा जास्तीचा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र थोडा दिसला. या बाई सत्तेचाळीसच्या. ती अमेरिकन चाचणी लाखांच्या घरात जाते. बंगळुरूत तयार झालेली एक भारतीय चाचणी त्यामानाने स्वस्त आहे, आमच्या ब्लॉकवर करता येते. घरच्यांशी बोलून तीच पाठवायची असं ठरलं. टॅमॉक्सिफेन आणि रेडिएशन नक्की.

मला बोर्डात दरवेळी एक आठवण करून द्यावीशी वाटते, आणि मी देते. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे सुटलो, असं तरुण डॉक्टरही धरून चालतात. पहिल्या पाच वर्षांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण हा आजार दबा धरून बसणारा आहे. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये बासष्ट हजारांहून जास्त स्त्रियांचं विश्लेषण आलं. पाच वर्षं संप्रेरकविरोधी उपचार पुरे केलेल्या, आजारमुक्त असलेल्या स्त्रिया. तरीही पुढच्या पंधरा वर्षांत, या बाईंसारखी दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि काख स्वच्छ असेल तर शंभरातल्या सुमारे एकोणीस जणींत आजार दूरच्या अवयवात उगवला. काखेतल्या चार ते नऊ गाठींत पसरलेला असेल तर एक्केचाळीस जणींत. त्यांतल्या बऱ्याच जणींवर जुन्या काळातले उपचार झालेले होते, आज आकडे याहून बरे असावेत. पण धोक्याची रेषा सपाट होत नाही हे खरं. म्हणून काही जणींना गोळी पाचऐवजी दहा वर्षं देतात.

छत्तीसच्या मुलीचं चित्र उलटं. तिच्या आजाराचा जोर पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती पार पडली की धोका झपाट्याने उतरतो आणि पाच वर्षं निर्धास्त गेली तर पुढे तो फार थोडा राहतो. तिला केमो लागणारच, आणि वय बघता बीआरसीए जनुकाची तपासणीही, कारण त्याचं उत्तर तिच्या बहिणींच्याही कामाचं आहे. ट्रिपल निगेटिव्ह हे दोन शब्द इंटरनेटवर वाचून तिच्या घरात सुतक पडल्यासारखं झालंय असं सर्जन म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तिला एवढं जरूर सांगा की लवकर सापडलेल्या अशा गाठीच्या बहुसंख्य बायका बऱ्या होतात, आणि तिचा वाईट काळ लांबलचक नाही.

पावणेसहा

पॅथॉलॉजिस्टकडे सहसा रुग्ण येत नाही, नातेवाईक येतात, ब्लॉक न्यायला नाहीतर रिपोर्ट घ्यायला. सत्तेचाळीसच्या बाईंचा मुलगा दारात उभा होता. यंत्रमागावर कामाला, थेट पाळी संपवून आलेला, केसांत कापसाची तूस.

“मॅडम, आधीच्या रिपोर्टात तिन्ही निगेटिव्ह होतं. लई वाईट जात म्हणत होते. आता वरनं सांगितलं बदललं म्हणून. खरं कुठलं धरायचं?”

मी त्याला आत बोलावून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या डोळ्यातून बघायला लावलं. आधी आईच्या शरीरातली निरोगी नलिका दाखवली, जुन्या काचेवरची आणि नव्या काचेवरची. त्याला फरक लगेच कळला. रंगाचा हात फिरला नाही की कापड कोरं राहतं, हे यंत्रमागाच्या गावातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

“म्हंजे आता केमो नको?”

“ते एक चाचणी झाल्यावर ठरेल. पण गोळी नक्की. रोज एक, वीस मिलिग्रॅमची, निदान पाच वर्षं. कदाचित दहा.”

“दहा वर्षं? बरी झाली तरी?”

“बरी राहावी म्हणूनच.”

मग मी खुर्ची ओढून त्याला बसवलं, कारण खरी गळती इथेच होते. ईआर पॉझिटिव्ह स्त्रीने पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झालंय. आणि तरीही किती जणी ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडतात. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही. घरात कुणाला सांगायची लाज. वर आता गाठही नाही, दुखतही नाही, मग कशाला? मी त्याला सांगितलं की आईला वाफा आल्या तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. एका पायाला सूज आली किंवा अचानक दम लागला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. या गोळीने क्वचित रक्ताची गाठ होते. पुढे पाळी गेल्यानंतर अंगावरून पुन्हा रक्त गेलं तर तेही लपवायचं नाही. महिन्याची गोळी संपायच्या आठ दिवस आधी पुढची आणून ठेवायची.

“हे आईला कोण सांगणार?” तो म्हणाला. “मला असलं बोलायला…”

“बायको आहे?”

“हाय.”

“तिला घेऊन या सोमवारी ओपीडीत. मी खाली येते.”

त्याने मोबाइलमध्ये सोमवार नोंदवला.

साडेसहा

रिपोर्ट सही करून झाले. संध्याकाळच्या कॅसेट मशीनमध्ये लागल्या, सकाळचा तो तालुक्याचा स्तन वगळून; तो उद्यापर्यंत फॉर्मलिनमध्येच राहील. सिस्टरांचा फोन आला होता, बायोप्सीचा ब्लॉक सकाळच्या पहिल्या गाडीने निघतोय.

शेवटचा फोन त्या प्रयोगशाळेला, जिथून निगेटिव्ह रिपोर्ट आला होता. तिथले डॉक्टर माझ्याहून तरुण आहेत, एकटेच आहेत, दिवसाला रक्तालघवीच्या शेकडो तपासण्यांच्या गर्दीत आठवड्याला एखाद-दुसरा ईआर-पीआर करतात. मी काचा कशा दिसल्या ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं की कंट्रोलला ते काय वापरतात ते मला बघायला हवं का. ते दरवेळी गर्भाशयाचा एकच जुना ब्लॉक वापरत होते, आणि तोही त्या खेपेला संपला होता.

“मग टॉन्सिलच्या आणि गर्भाशयाच्या कापून ठेवलेल्या काचा मी पाठवते,” मी म्हटलं. “तुमच्या कुकरमध्ये तुमच्या अँटिबॉडीने रंगवा आणि परत पाठवा. आपण शेजारी ठेवून बघू. आणि या वर्षात जेवढे निगेटिव्ह लिहिलेत त्यांचे ब्लॉक काढून ठेवा.”

“सगळे?”

“सगळे. आधी लोब्युलर आणि ग्रेड एकचे. एकेक करून बघू.”

तंत्रज्ञांना काचा कापायला सांगितल्या. पार्सलवर उद्याची तारीख घातली.